झाकली मूठ आणि वाचनालयाचे कपाट

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे जुनी माणसे म्हणतात. घरातली गोष्ट घरात ठेवावी, चारचौघांत काढू नये, एवढाच त्याचा अर्थ. पण ती मूठ कोणाची आणि झाकून ठेवायला सांगितले कोणी, हे मात्र कोणी विचारत नाही. मेहकर तालुक्यातले डोणगाव घ्या, नाहीतर मुंबईतली एखादी चाळ घ्या, आपल्या प्रत्येक घरात दोन-चार गोष्टी अशा असतातच की त्यांचा विषय निघाला की आजी उठून चुलीकडे जाते आणि बाबा पेपर तोंडापुढे धरतात. मुले समजायचे ते समजतात आणि गप्प बसतात.

अलीकडे या गोष्टी भांडणातून कमी आणि कागदांतून जास्त बाहेर येतात. मुलगी अकरावी-बारावी सायन्सला गेली की जातपडताळणीची धावपळ सुरू होते. आजोबांचा शाळेचा दाखला शोधा, तहसील कचेरीतून कोतवालबुकाची नक्कल काढा, प्रतिज्ञापत्रावर वंशावळ लिहून द्या. १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा हवा असतो आणि आपले धर्मांतर १९५६ चे, म्हणून त्या जुन्या कागदावर आपली जुनी जात असते. ते सारे ठीक आहे. पण वंशावळ लिहायला बसले की खरी अडचण सुरू होते. आजोबांच्या नावासमोर दोन बायका कशा? मोठ्या काकांच्या दाखल्यावर बापाचे नाव वेगळे का? सतरा वर्षांच्या मुलीला त्या दिवशी पहिल्यांदा कळते की आपल्या आजीचा पाट लागला होता आणि मोठे काका तिच्या पहिल्या घरचे आहेत.

आता यात लाजण्यासारखे काय होते? विधवा झालेल्या किंवा नवऱ्याने टाकलेल्या बाईने पुन्हा घर मांडावे, ही रीत आपल्या समाजात पूर्वापार होती. ती ज्यांच्यात नव्हती त्यांनी आपल्या विधवांचे काय हाल केले ते सर्वांना ठाऊक आहे. मग पाट लागल्याची गोष्ट लपवायला आपण शिकलो केव्हा? कोणाची लाज उसनी आणून आपण आपल्या आजीच्या डोक्यावर ठेवली? या प्रश्नाचे उत्तर तहसील कचेरीत मिळत नाही. ते थोडेफार मिळते पुस्तकांत, त्यातही कादंबरीत. म्हणून आज या पानावर अशा काही कादंबऱ्यांविषयी लिहायचे आहे.

खेड्यातल्या वाचनालयात किंवा विहारातल्या ग्रंथालयात गेले की कपाटात काय दिसते? बाबासाहेबांची भाषणे आणि लेखन, फुले-शाहूंची चरित्रे, 'बुद्ध आणि त्याचा धम्म', आणि खालच्या कप्प्यात स्पर्धा परीक्षांची गाईडे. हे सारे हवेच, त्याबद्दल दुमत नाही. पण दिवसभर कपाशी निंदून किंवा सोयाबीन सोंगून आलेली बाई रात्री तासभर वाचायला बसते, तेव्हा तिला माणसांची गोष्ट हवी असते. ती ग्रंथपालाला म्हणते, "काही घरातलं, माणसातलं द्या." ग्रंथपाल तिला रहस्यकथा देतो, नाहीतर कधीच्या काळची राजाराणीची ऐतिहासिक कादंबरी देतो. कादंबरी म्हणजे वेळ घालवणे, असा आपल्याकडे एक समज आहे. हा समज चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या घराबद्दल तोंड उघडता येत नाही तेव्हा दुसऱ्याच्या घराबद्दल बोलता येते, आणि कादंबरी हे असे दुसऱ्याचे घर असते. सासूसमोर सुनेला जे बोलता येत नाही ते पुस्तकातल्या सुनेविषयी बोलता येते.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. सदानंद देशमुख हे बुलढाणा जिल्ह्यातले लेखक. त्यांच्या 'बारोमास' या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शेतकऱ्यांच्या दैन्याची कादंबरी म्हणून तिचे नाव झाले आणि त्यामुळे अनेकांनी ती हातात घेतलीच नाही, शेतीचे रडगाणे रोजचेच आहे म्हणून. पण ती मुळात एका घराची कादंबरी आहे. एकनाथ तनपुरे शिकलेला आहे, मास्तर होण्याची पात्रता त्याच्याकडे आहे, पण नोकरी लागायला भरावे लागणारे पैसे नाहीत, म्हणून तो शेतात अडकला आहे. नवरा नोकरीला लागेल या भरवशावर आलेली बायको अलका त्या घरात घुसमटते. म्हातारे आईबाप, भाऊ, जमीन विकायची की नाही हा प्रश्न, आणि एकमेकांवर माया असूनही एकमेकांना टोचून बोलणारी माणसे. गरिबी आली की प्रेम कसे आधी चिडचिडे होते आणि मग अबोल होते, हे या कादंबरीइतके नेमके क्वचितच कोणी लिहिले असेल. अलकाला वाईट ठरवून मोकळे होणारे वाचक पुष्कळ भेटतात, त्यांत बायकाही असतात. माझी विनंती आहे की तिची बाजू घेऊन एकदा ही कादंबरी वाचावी. लग्न ठरवताना तिला काय सांगितले गेले होते आणि काय सांगितले गेले नव्हते, तेवढाच विचार करावा. आपल्या घरांतही 'मुलगा लवकरच परमनंट होणार आहे' या एका वाक्यावर किती लग्ने ठरली, ते आठवून पाहा.

हे घर शेतमालकाचे आहे, हेही लक्षात ठेवावे. त्याच्या शेतात निंदायला जाणारी बाई बहुतेक वेळा आपली असते आणि तिच्या घरात काय चालले आहे ते 'बारोमास'मध्ये येत नाही. त्यासाठी शेजारच्या वाशीम जिल्ह्याकडे जावे लागते. नामदेव कांबळे यांची 'राघववेळ' ही कादंबरी जुन्या वाचकांना आठवत असेल. तिला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०२१ साली लेखकाला पद्मश्री जाहीर झाली. यात वालंबी नावाची मातंग समाजातली बाई पोरांना घेऊन एकटी उरलेली आहे. एकट्या बाईच्या दाराकडे गाव कसे पाहते, तिच्याविषयी काय बोलते, आणि ते बोलणे कानावर येत असताना वाढणाऱ्या मुलांच्या मनात आईविषयी काय काय उभे राहते, हा या कादंबरीचा गाभा आहे. भाषा आपल्याकडचीच असल्याने वाचून दाखवायलाही ती सोपी जाते.

वऱ्हाडी बोलीचा विषय निघाला म्हणून एक जुने नाव सांगतो, यादी नव्या पुस्तकांची असली तरी. उद्धव शेळके यांची 'धग' १९६० ची. कौतिक ही शिंप्याची बायको, शिवणकामावर आणि मोलमजुरीवर संसार ओढणारी. तिच्या नवऱ्याला महारोग होतो. साठ वर्षांहून अधिक काळ झाला, पण आजार लपवणारे घर कसे असते ते पाहायचे तर अजूनही 'धग' वाचावी. ज्यांना ती जुनी वाटेल त्यांनी कविता महाजन यांची २००७ साली आलेली 'भिन्न' घ्यावी. ती एचआयव्हीची लागण झालेल्या बायकांच्या जगावर आहे. आजाराचे नाव बदलले, लपवणे तेच राहिले. नवऱ्याला काय झाले होते हे बायकोला सर्वांत शेवटी कळते, आणि तरी बोट तिच्याकडेच दाखवले जाते. पुस्तक जाड आहे, काही पाने वाचवत नाहीत. कॉलेजच्या मुलामुलींनी मात्र ते जरूर वाचावे. कविता महाजन २०१८ साली गेल्या, आणि अजून बरेच लिहायचे राहिले असताना गेल्या.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आपल्या घरातल्या झाकलेल्या गोष्टी दोन प्रकारच्या आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये. पहिली लाज गावाने आपल्यावर लादली. तिच्यात आपला काडीचाही दोष नव्हता. दुसरी गोष्ट आपण आपल्याच घरातल्या बाईवर लादली आणि वर तिलाच गप्प राहायला सांगितले.

पहिल्या प्रकारावर आपल्या लेखकांनी जे लिहिले त्याला मराठीत तोड नाही. त्यातले बरेचसे कादंबरी म्हणून नव्हे, आत्मकथन म्हणून आले. घरी वाचताना हा भेद फारसा अडत नाही. शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ साली आले. तोळ्याचे मासे बारा, त्यात एक कमी असला की ते सोने खोटे, अकरा माशांचे. तो शब्द ज्याच्या जन्माला चिकटवला गेला त्याने तोच पुस्तकावर नाव म्हणून छापला. आई महार, बाप पाटील, आणि बाप बाप म्हणवून घ्यायला तयार नाही. शाळेत नाव घालताना बापाचे नाव विचारले जाते तिथून पोराची परवड सुरू होते. या पुस्तकात मला सर्वांत मोठी वाटते ती संतामाय, त्याची आजी, आणि तिच्यासोबत राहणारा मुसलमान दादा, महमूद दस्तगीर जमादार. ज्याचे रक्ताचे नाते नाही तो पोराला जीव लावतो आणि ज्याचे आहे तो ओळख दाखवत नाही. नाते कशाला म्हणावे, याचे याहून स्वच्छ उत्तर मला दुसऱ्या पुस्तकात सापडलेले नाही. ज्यांनी 'अक्करमाशी' वाचले आहे त्यांनी लिंबाळे यांची २०१८ ची कादंबरी 'सनातन' घ्यावी. तिला २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला. एका पोराची गोष्ट तिथे महारवाड्याच्या अनेक पिढ्यांची गोष्ट होते. 'अक्करमाशी'इतकी ती काळजात घुसत नाही, हे माझे मत. पण पाटील आणि महारवाडा यांच्यातली ती जुनी, कागदावर न आलेली नाती किती मागे जातात ते तिच्यावरून कळते.

किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ चे. आई तमाशात नाचणारी, बापाचे नाव नाही, पोर शिकून डॉक्टर झाले. त्यांनी आपल्या नावात मधोमध आईचे नाव लावले. हे डॉक्टर २००७ साली अपघातात गेले. पुढे महाराष्ट्र शासनाने निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम शासकीय कागदपत्रांवर राहील. काळे यांनी तीस वर्षे आधी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आईचे नाव लावले होते, ते किती पुढचे होते, हे आता कळते.

लादलेल्या लाजेचा आणखी एक प्रकार म्हणजे जात लपवणे. बाबूराव बागूल यांच्या १९६३ च्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या संग्रहातली त्याच नावाची कथा जुन्या पिढीला पाठ आहे. रेल्वेत नोकरी लागलेला तरुण परगावी राहायला जागा मिळावी म्हणून जात सांगत नाही, आणि ती उघड झाल्यावर मार खातो. बागूलांचा तरुण एकटा होता. पण शहरात आडनाव बदलून, भिंतीवरचा फोटो आतल्या खोलीत नेऊन राहणारी कुटुंबे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्या घरातल्या मुलांचे काय होते? गावाहून आजी आली की तिला शेजाऱ्यांपुढे कोण म्हणून ओळख करून देतात?

याच प्रश्नावरची एक अलीकडची इंग्रजी कादंबरी सांगतो. घरात इंग्रजी वाचणारी मुलगी असेल तर तिने ती वाचावी आणि जेवताना सगळ्यांना गोष्ट सांगावी. ब्रिट बेनेट या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेची 'द व्हॅनिशिंग हाफ' २०२० साली आली. लुइझियाना राज्यातल्या एका छोट्या गावच्या दोन जुळ्या बहिणी, डिझायरे आणि स्टेला. गाव कृष्णवर्णीयांचे, पण तिथली माणसे रंगाने उजळ. दोघी सोळाव्या वर्षी घरातून पळून जातात. पुढे एक गोरी म्हणून जगू लागते. गोऱ्या माणसाशी लग्न करते, मुलगी होते, आणि ना नवऱ्याला माहीत ना मुलीला, की आपण कोण. दुसरी बहीण सावळ्या लेकीला घेऊन माघारी गावी येते. पुढे या दोघींच्या मुली एकमेकींना भेटतात आणि आयांनी झाकलेले लेकींच्या हाती लागते. वाचताना सारखे वाटत राहते की मल्लार्ड नावाचे ते गाव आपल्या ओळखीचे आहे. स्टेलाला बंगला मिळतो, पोहण्याचा तलाव मिळतो, पण शेजारी एक कृष्णवर्णीय कुटुंब राहायला येते तेव्हा सर्वांत जास्त घाबरते ती तीच. जात लपवून राहणाऱ्या घरात आपला माणूस दारात आला की असेच होते. या कादंबरीचे चांगले मराठी भाषांतर वाचनालयांच्या कपाटात असायला हवे. आपल्या प्रकाशकांनी मनावर घ्यावे.

आता दुसरा प्रकार. इथे आपले बोलणे जरा अडखळते.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहिले. पुस्तक १९८६ साली आले. पण ते लिहून झाले होते त्याच्या कितीतरी आधी. त्या दुकानात बसत आणि गिऱ्हाईक नसले की लिहीत. लिहिलेले कागद घरच्यांच्या, मुख्य म्हणजे नवऱ्याच्या, नजरेला पडू नयेत म्हणून दडवून ठेवत. वीस वर्षे हे लिखाण असे झाकलेले राहिले. महारवाड्याचे दुःख सांगणारे पुस्तक महारवाड्यातल्याच घरात लपवावे लागले. पुढे माया पंडित यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि त्यांची मुलाखत घेतली, तेव्हा बेबीताईंनी नवऱ्याच्या संशयाविषयी आणि मारहाणीविषयीही सांगितले. पुस्तकात मात्र त्यांनी स्वतःचे हे दुःख फारसे आणले नाही, समाजाचेच मांडले. आपली बाई किती सांभाळून लिहीत होती पाहा. गावाने केलेला अन्याय तिने पुस्तकात लिहिला आणि घरात झालेला अन्याय कोणी विचारल्यावर सांगितला.

शांताबाई कांबळे या मास्तरीण बाई. त्यांच्या 'माज्या जल्माची चित्तरकथा'वरून दूरदर्शनवर 'नाजुका' ही मालिका झाली होती, ती अनेकांना आठवेल. त्यांच्या शिकलेल्या, मास्तर असलेल्या नवऱ्याने दुसरी बायको केली. ते त्यांनी लिहिले. शिकलेल्या, चळवळीतल्या पुरुषांनी असे केले की समाज 'त्यांचा खासगी प्रश्न' म्हणतो आणि सवतीच्या घरात राहणारी बाई खासगीतच झिजते. शांताबाई गप्प राहिल्या नाहीत.

आणि मग 'आयदान'. ऊर्मिला पवार यांचे हे आत्मकथन २००३ साली आले. आयदान म्हणजे बांबूच्या टोपल्या-सुपे. कोकणातल्या त्यांच्या गावी आई ती विणून पोरांना वाढवत होती, कारण बाप लवकर गेला होता. पण जाताना पोरांच्या शिक्षणाचा आग्रह मागे ठेवून गेला होता. हे सारे आपण आनंदाने वाचतो. पुस्तकाचा दुसरा भाग मात्र अनेकांना जड गेला. लग्नानंतर मुंबई, नोकरी, मुले, एम. ए. होण्याची इच्छा, आणि बायको शिकते, लिहिते, सभेला जाते म्हणून नवऱ्याच्या मनात साठत जाणारा राग. तरुण मुलगा गेल्याचे दुःख. लेकींशी झालेले खटके. हे कशाला लिहायचे, असे आपल्यातलेच लोक म्हणतात. 'बलुतं' वाचताना कोणी असे म्हटले नव्हते, निदान आपल्यातल्या पुरुषांनी तरी फारसे म्हटले नव्हते. बापाने, भावाने लिहिले तर ती समाजाची वेदना आणि बायकोने लिहिले तर घराची बदनामी, हा हिशेब बरोबर नाही. 'आयदान'मधला नवरा राक्षस नाही. तो लेखिकेवर माया करणारा, आपल्या ओळखीचा, चांगला माणूस आहे, आणि नेमके म्हणूनच ते पुस्तक अस्वस्थ करते. याच ऊर्मिलाताईंनी मीनाक्षी मून यांच्यासोबत गावोगाव फिरून आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या मुलाखती घेतल्या आणि 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केले. ते १९८९ चे. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत.

घरातल्या बाईवर लादलेल्या गोष्टींत एक कागदही आहे, त्याचा इथे उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. वारसाहक्काच्या कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क मिळाला. तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. तरी बाप गेल्यावर तेराव्या महिन्यात भाऊ बहिणीला तालुक्याला नेतो आणि हक्कसोडपत्रावर सही घेतो. बहीण सही करते, माहेर तुटू नये म्हणून. याबद्दल घरात पुन्हा कोणी बोलत नाही. दोन एकर जमीन आणि एक माहेर, यांतून बाईला निवड करायला लावणारी कादंबरी माझ्या वाचनात आली नाही. कोणी डोणगावची, मेहकरची, लोणारची ताई ती लिहील तर वाचक नक्की मिळतील.

वेगळ्या वळणाच्या एका लहान कादंबरीचे नाव सांगायचे राहिले. सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ ची. पुण्यातले पांढरपेशे जोशी कुटुंब. त्यांच्याकडे एक भाडेकरू तरुण येतो. घरातला मुलगा तनय आणि मुलगी अनुजा, दोघेही त्याच्या प्रेमात पडतात आणि एकमेकांना कळू देत नाहीत. पहिला भाग भावाच्या तोंडून, दुसरा बहिणीच्या डायरीतून. २०२२ साली लेखकाने स्वतःच तिच्यावर हिंदी सिनेमाही केला. हे घर आपल्या घरासारखे नाही, वातावरण वेगळे आहे, आणि काही वाचकांना हा विषयच वाचनालयात नको असे वाटेल. पण तनयसारखा मुलगा आपल्या वस्तीतही असतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा संबंधांना गुन्हा म्हणणे थांबवले, तरी घरात त्याला अजून बोलता येत नाही. आई त्याच्यासाठी मुली पाहत फिरते. त्याचे लग्न लावून आपण दोन आयुष्ये झाकतो, त्याचे आणि त्या मुलीचे. एवढ्यासाठी तरी ही पुस्तिका कपाटात असावी. दोन बसण्यांत वाचून होते.

पुस्तके मिळायची कशी, हा प्रश्न येणारच. यांतली बहुतेक पुस्तके छापील स्वरूपात मिळतात, पण प्रत्येकाने विकत घ्यावीत अशी अपेक्षा नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. मान्यताप्राप्त ग्रंथालयाला शासनाचे अनुदान मिळते आणि त्या अनुदानातला ठरावीक भाग पुस्तकांवर खर्च करायचा असतो. कोणती पुस्तके घ्यायची ते बहुतेक ठिकाणी सचिव आणि एक-दोन कार्यकारिणी सदस्य ठरवतात, कारण दुसरे कोणी काही मागतच नाही. वाचनालयात वाचकांच्या मागणीसाठी नोंदवही मागून घ्यावी आणि तिच्यात पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव लिहून खाली सही करावी. एका बाईने लिहिले तर ते तसेच राहील. आठ-दहा बायकांनी तेच नाव लिहिले तर सचिवाला ते पुस्तक आणावे लागेल. दिवाळीनंतरची खरेदी होण्याआधी हे करावे.

वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्याचा धम्म'चे वाचन होतेच. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने माणसे एकत्र बसतात. आठवड्यातून एका संध्याकाळी, मुख्य वाचन आटोपल्यावर, बायकांनी वेगळे तासभर बसून एखादी कादंबरी वाचायला काय हरकत आहे? जिला वाचता येते तिने वाचावे, जिला येत नाही तिने ऐकावे. आमच्या जिल्ह्यातल्याच रमेश इंगळे उत्रादकरांनी साक्षरता अभियानावर 'निशाणी डावा अंगठा' लिहून हसवून हसवून रडवले आहे, तेव्हा अक्षर न ओळखणाऱ्या म्हातारीला कमी लेखण्याचे कारण नाही, ऐकून ती जे बोलते ते बरेचदा पदवीधराला सुचत नाही. सुरुवात 'बारोमास'ने करावी, कारण ती भाषा कानाला ओळखीची आहे आणि अलकाच्या नावाने वाद लगेच पेटतो. 'राघववेळ' त्यानंतर घ्यावी. 'आयदान'चा दुसरा भाग वाचायचा त्या संध्याकाळी मात्र दोन-चार पुरुषांनाही बोलवावे. त्यांना आधी चहा द्यावा, मग वाचन सुरू करावे.